लळा लागायला वेळ द्या

बाळंतपण होऊन दोन-तीन आठवडे झाले की काही आयांच्या मनात एक वाक्य येऊन बसतं. ते त्या नवऱ्यालाही सांगत नाहीत आणि आईलाही नाही. ‘बाळाकडे बघून मला काही वाटतच नाही.’ घरात पेढे वाटून झालेले असतात, येणारे-जाणारे बाळ कुणावर गेलंय यावर बोलत असतात. ती बाळाला पाजते, दुपटी बदलते, ढेकर काढते, रात्री पुन्हा पुन्हा उठते. पण ज्या मायेच्या लाटेबद्दल तिने ऐकलेलं असतं, ती काही आलेली नसते. मग ती कारणं शोधायला लागते. सिझेरियन झालं म्हणून असेल का? बाळ सुरुवातीचे दिवस पेटीत होतं म्हणून? त्यातच मोबाइलवर कुठेतरी वाचलेलं असतं की ऑक्सिटोसिन नावाचं ‘प्रेमाचं हार्मोन’ असतं, बाळंतपणात ते उसळतं आणि आईला बाळाशी बांधून टाकतं. म्हणजे आपल्यात तेच कमी पडलं, असं ती धरून चालते.

तिचा हा समज चुकीचा आहे आणि तो तिला एकटीला छळत राहतो, म्हणून हा लेख. आधी माया वाटते आणि मग माणूस सांभाळतो, असा क्रम आपण मनात धरलेला असतो. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना गेल्या साठेक वर्षांत जे दिसत आलंय ते बरंचसं याच्या उलट आहे. सांभाळता सांभाळता, हाताळता हाताळता मेंदू बदलतो, संप्रेरकं त्याला साथ देतात आणि लळा लागतो. एवढं पटलं की घरातल्या प्रत्येकाने काय करायचं आणि काय टाळायचं, हे ठरवणं सोपं जातं.

इंजेक्शनमधलं आणि मेंदूतलं

ऑक्सिटोसिनची ओळख झाली तेव्हा प्रेमाचा विषयही नव्हता. १९०६ मध्ये हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाला दिसलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क दिला की मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं. हाच अर्क स्तनातलं दूधही बाहेर ढकलतो, हे त्यानंतर लवकरच लक्षात आलं. १९५३ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी हा पदार्थ प्रयोगशाळेत तयार केला. नऊ अमिनो आम्लांची ती एक छोटीशी साखळी. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. कळा वाढवायला सलाईनमधून देतात ते हेच औषध, आणि बाळ बाहेर आल्यावर जास्त रक्तस्राव होऊ नये म्हणून देतात ते इंजेक्शनही बहुतेक वेळा ह्याचंच असतं.

मेंदूशी त्याचं नातं स्पष्ट व्हायला १९७९ साल उजाडलं. कोर्ट पेडरसन आणि आर्थर प्रांज यांनी कधीच न व्यालेल्या उंदरिणींच्या थेट मेंदूत ऑक्सिटोसिन सोडलं, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणी परक्या पिल्लांना चाटायला आणि गोळा करायला लागल्या. ‘थेट मेंदूत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हे संप्रेरक मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात तयार होतं. तिथून एक वाट पीयूषिका ग्रंथीमार्गे रक्तात जाते आणि गर्भाशय व स्तनांवर काम करते. दुसऱ्या वाटा मेंदूच्या आतच पसरतात. भीती, वास, आवाज, आनंद यांच्या केंद्रांपर्यंत पोचतात. रक्तातलं ऑक्सिटोसिन काही मिनिटांत मोडून जातं आणि त्यातलं फारच थोडं मेंदूत शिरतं.

यावरून रोजच्या कामाच्या काही गोष्टी निघतात. कळांचं सलाईन लावलं म्हणून तुमची माया कमी-जास्त होईल, ही काळजी सोडून द्या. रक्ताच्या तपासणीत ऑक्सिटोसिन मोजून कुणाची ओढ किती, हे ठरवता येत नाही. असं कुणी पॅकेज विकत असेल तर पैसे वाचवा. आणि ‘बाँडिंग वाढवणारे’ म्हणून ऑनलाइन मिळणारे नाकातले स्प्रे घेऊ नका, पाजणाऱ्या आईने तर मुळीच नाही. या स्प्रेंची कीर्ती २००५ मध्ये झुरिचमध्ये झालेल्या एका प्रयोगामुळे पसरली. त्यात स्प्रे घेतलेल्या माणसांनी पैशांच्या खेळात अनोळखी माणसावर जास्त विश्वास टाकला होता. पुढे इतरांनी तसेच प्रयोग करून पाहिले तेव्हा तो परिणाम भरवशाने हाती लागला नाही, आणि २०१५ मध्ये सगळ्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांनी तसं स्पष्ट लिहिलं.

आणखी एक धक्का २०२३ मध्ये बसला. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात व्होल नावाचा उंदरासारखा प्राणी असतो. त्याची एक जात जन्माची जोडी जमवते, आणि ऑक्सिटोसिनचा बराचसा लौकिक या जातीवरच्या प्रयोगांतूनच आलेला. शास्त्रज्ञांनी जनुकात बदल करून ऑक्सिटोसिन झेलणारे ग्राहीच नसलेले व्होल जन्माला घातले, तरी त्यांनी जोड्या जमवल्याच. निसर्गाने एवढी मोठी गोष्ट एकाच रसायनावर सोपवलेली नाही. डोपामिन आहे, व्हॅसोप्रेसिन आहे, मेंदूत तयार होणारी अफूसारखी द्रव्यं आहेत, आणि सगळ्यांच्या वर सवय आणि आठवण आहे. मला हे फार दिलासा देणारं वाटतं. एक दार बंद असलं तरी बाकीची उघडी असतात.

पहिला तास हुकला तर

पहिल्या तासाबद्दलच्या गैरसमजाचं एक मूळ मेंढीत आहे. मेंढी व्याली की पहिल्या दोनेक तासांत कोकराचा वास तिच्या मेंदूत पक्का नोंदला जातो. प्रसूतीच्या वेळी योनिमार्ग ताणला जातो, त्यामुळे मेंदूत ऑक्सिटोसिन सुटतं आणि ही नोंद होते. केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथे बॅरी केव्हर्न आणि कीथ केंड्रिक यांनी १९८० च्या दशकात हे बारकाईने दाखवलं. ती वेळ टळली तर पोटच्या कोकरालाही मेंढी ढुशी मारून हाकलते. त्याआधी, १९७० च्या दशकात, अमेरिकेतल्या क्लाउस आणि केनेल या दोन बालरोगतज्ज्ञांनी माणसाच्या बाबतीतही जन्मानंतरचे पहिले काही तास निर्णायक असल्याचं मांडलं होतं. त्यांच्यामुळे प्रसूतिगृहांच्या बंद खोल्यांचे नियम बदलले, आईला बाळ लवकर भेटायला लागलं. हे त्यांचं मोठंच काम. पण ‘तो तास गेला म्हणजे सगळं गेलं’ ही भीतीही तिथूनच पसरली. पुढे त्यांनी स्वतःच तो दावा बराच सौम्य केला, ते मात्र फारसं कुणापर्यंत पोचलं नाही.

माणूस या बाबतीत मेंढीपेक्षा उंदराला जवळचा आहे. १९६७ मध्ये जे रोझेनब्लाट यांनी कधीही न व्यालेल्या उंदरिणी, इतकंच काय नर उंदीरसुद्धा, लहान पिल्लांसोबत ठेवले. पहिले काही दिवस ते पिल्लांपासून लांब पळाले. आठवडाभरात मात्र त्यातले बरेच जण पिल्लांना तोंडात धरून घरट्यात आणू लागले, त्यांच्यावर पाखर घालून बसू लागले. ना गर्भारपण, ना प्रसूती, ना दूध. फक्त सहवास. २०२१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या रॉबर्ट फ्रोमके यांच्या गटाने आणखी पुढचं पाहिलं. व्यालेली उंदरीण पिंजऱ्यातल्या दुसऱ्या, न व्यालेल्या मादीला ढकलत-ढकलत पिल्लांजवळ आणते. ही मादी तिचं बघते, आणि बघता बघता तिच्या मेंदूतल्या ऑक्सिटोसिनच्या पेशी जाग्या होतात. थोड्या दिवसांत रडणाऱ्या पिल्लाला उचलून आणायला ती शिकते. एकत्र कुटुंबातल्या मोठ्या जावेने नव्या जावेच्या मांडीवर बाळ द्यावं, तसंच हे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात साधारण चारातली एक प्रसूती सिझेरियनने होते. एवढ्या आयांनी आयुष्यभर एका हुकलेल्या तासाचा हिशेब करत बसायचं काही कारण नाही. पहिल्या तासात बाळ छातीशी मिळत असेल तर जरूर मागा. त्याने बाळाची ऊब टिकते आणि अंगावरचं दूध लवकर सुरू होतं. सिझेरियनच्या टेबलावरही बऱ्याच ठिकाणी हे करतात, आधीच विचारून ठेवावं लागतं. आणि नाही जमलं, तर दुसऱ्या दिवशी सुरू करा, पाचव्या दिवशी करा. त्याने काही बिघडत नाही.

बाळ पेटीत असेल तेव्हा

अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ एनआयसीयूत ठेवलं की घरचे लोक काचेबाहेर उभे राहतात, आणि आपला आता काही उपयोग नाही असं त्यांना वाटायला लागतं. खरं तर इथेच तुमचा उपयोग सगळ्यात जास्त आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियाची राजधानी बोगोटा इथल्या एका रुग्णालयात पेट्या कमी पडत होत्या. तिथे डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी छोटी बाळं आयांच्या उघड्या छातीवर बांधून ठेवायला सुरुवात केली. आज आपण ज्याला कांगारू मदर केअर किंवा केएमसी म्हणतो, ते हेच. बाळ स्थिरावल्यावरच हे करायचं, असा बरीच वर्षं नियम होता. मग जागतिक आरोग्य संघटनेने पाच रुग्णालयांमध्ये चाचणी घेतली. त्यातलं एक दिल्लीचं सफदरजंग, बाकीची घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातली. एक किलो ते १.८ किलोच्या आतली ३,२११ बाळं त्यात होती. स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच केएमसी सुरू केलेल्या गटात २८ दिवसांच्या आत १२ टक्के बाळं दगावली, तर नेहमीच्या पद्धतीच्या गटात १५.७ टक्के. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी संघटनेने आपल्या शिफारशी बदलल्या. हा सगळा ऑक्सिटोसिनचा प्रताप नव्हे. ऊब, आईचं दूध, कमी जंतुसंसर्ग, सतत कुणाचं तरी लक्ष असणं, हे सगळं त्यात आलं. पण आईच्या आणि बाळाच्या मेंदूला दिवसाचे कित्येक तास एकमेकांचा वास, श्वास आणि आवाज मिळतो, तो याच वाटेने.

प्रत्यक्षात ते असं असतं. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपडं आणि पायमोजे. आईचा गाऊन पुढून मोकळा. बाळाला दोन्ही स्तनांच्या मधे उभं धरायचं; डोकं एका बाजूला वळवलेलं आणि मान किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. हात-पाय दुमडून बाजूला फाकलेले, पोट आईच्या पोटाच्या वरच्या भागाला टेकलेलं. मग मऊ सुती कापडाने दोघांना मिळून गुंडाळायचं. कापडाची वरची कड बाळाच्या कानाखाली यावी. आईने पाठीला उशा लावून रेलून बसायचं. एकदा घेतलं की निदान तासभर तरी ठेवायचं, कारण उचल-ठेव केली की बाळ दमतं. सुरुवातीला दहा मिनिटं आईच घाबरून ताठ बसलेली असते. मग बाळाचा श्वास तिच्या श्वासाबरोबर लागतो, खांदे सैल पडतात, आणि सिस्टर विचारायला येतात तोवर दोघंही पेंगुळलेली असतात. बाळ असं नीट बांधलेलं असेल तर आईला डुलकी लागली तरी चालते; पण न बांधता बाळ छातीवर ठेवून सोफ्यावर झोपणं धोक्याचं आहे, ते कधीही करू नका.

आईला ताप असेल, टाके दुखत असतील, तर वडील शर्ट काढून बसू शकतात, आजी किंवा मावशीही बसू शकते. वॉर्डात विचारायला लाजू नका. ‘आम्ही केएमसी कधीपासून देऊ, दिवसाला किती तास देऊ?’ असा सरळ प्रश्न डॉक्टरांना विचारा. घरी आणल्यावरही, बाळाचं वजन चांगलं वाढेपर्यंत हे चालू ठेवता येतं.

पान्हा आणि घरातली बोलणी

दूध तयार करण्याचं काम प्रोलॅक्टिनचं, आणि तयार दूध बाहेर सोडण्याचं काम ऑक्सिटोसिनचं. हा फरक घरातल्या मोठ्यांना नीट समजावून सांगायला हवा. अनेकदा दूध असतं, पान्हा फुटत नाही. म्हशीला रेडकू दाखवल्याशिवाय ती पान्हवत नाही, परका माणूस धारेला बसला तर दूध चढवून घेते, हे गोठ्यात वावरलेल्याला सांगावं लागत नाही. इली आणि पीटरसन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९४१ मध्ये गायींच्या पाठीवर मांजर ठेवून आणि कागदी पिशव्या फोडून त्यांना घाबरवलं, तर दूध येणं थांबलं. १९४८ मध्ये मायकेल आणि नाइल्स न्यूटन या जोडप्याने एका पाजणाऱ्या आईवर प्रयोग केला. पाजताना तिचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, तिला गणितं घातली, दूध घटलं. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिल्यावर त्याच त्रासात ते पुन्हा जवळपास पूर्वीइतकं झालं. म्हणजे दूध आत होतंच.

आपल्या घरांत बर्फाचं पाणी नसतं, बोलणी असतात. ‘पुरतं ना गं दूध?’ ‘बाळ सारखं रडतंय, उपाशीच असेल.’ ‘आमच्या वेळी असं नव्हतं.’ बाळ स्तनाला लावलेलं असताना यातलं एक वाक्य पुरतं. तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत पाजायच्या वेळी कुणी येऊ नये, याची जबाबदारी एका माणसाने घ्यावी. ती सासूने घेतली तर सगळ्यात उत्तम, कारण तिच्या शब्दापुढे पाहुणे बोलत नाहीत. आईला पाठीला टेकू, जवळ पाण्याचा तांब्या, हवा असेल तर एखादा शेक, आणि शांतता द्या. काही आयांचा पान्हा बाळाच्या रडण्याच्या आवाजानेच सुटतो, बाळ तोंड लावायच्या आधीच. ते नॉर्मल आहे. म्हणून बाळ आईच्या हाकेच्या अंतरावर, शक्यतो तिच्याच खोलीत असावं. रात्रीचं पाजणं टाळायची घाई करू नका. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं आणि त्यावर दुधाचा पुरवठा टिकतो. बाळाला पुरतंय की नाही हे वजन आणि दिवसभरातल्या शूच्या संख्येवरून ठरतं, रडण्यावरून नाही. शंका असेल तर डॉक्टरांना किंवा आशाताईंना वजन करायला सांगा.

मालीशबद्दल थोडं. आपल्याकडे मालीशवाल्या बाई येतात, बाळाला पायांवर घेऊन भराभर चोळतात, बाळ रडून रडून थकून झोपतं आणि ‘किती छान झोपलं’ म्हणून सगळे खूश होतात. न्हाऊ-माखू घालण्याची कला त्या बाईंकडे असते, तिचा मान राखू या. पण नाकाकानात तेल ओतणं आणि हातपाय ओढणं थांबवायला सांगा. आणि दिवसातून एकदा, आंघोळीपासून वेगळ्या वेळी, आईने किंवा वडिलांनी स्वतःचा हात बाळाच्या पाठीवरून, दंडावरून, पायांवरून सावकाश फिरवावा. केसाळ त्वचेत काही खास मज्जातंतू असतात, ते अशा हळुवार स्पर्शालाच सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर एवढा त्यांचा आवडता वेग, आणि हात कोमट असेल तर अधिक बरं. स्वीडनमधल्या संशोधकांनी हे मोजलंय. आजी नातवाच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग साधारण हाच.

बाबाला बाळ द्या, चहा नंतर

इस्रायलमधल्या रूथ फेल्डमन यांच्या गटाने अनेक जोडप्यांच्या रक्तातलं ऑक्सिटोसिन बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत मोजलं. आई आणि वडिलांमध्ये ते जवळपास सारखंच निघालं. ना पोटात वाढवलं, ना पाजलं, तरी. २०१४ मध्ये त्यांनी मेंदूची छायाचित्रं घेतली, त्यात बाळाची मुख्य जबाबदारी स्वतः घेणारे वडीलही होते. त्यांच्या मेंदूतली काळजीची केंद्रं आयांसारखीच पेटून उठत होती, आणि ज्याने बाळासोबत जितका जास्त वेळ घालवला त्याच्या मेंदूत ही केंद्रं तितकी जास्त जोडलेली होती. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात ६२४ तरुणांचा काही वर्षं पाठपुरावा झाला. जे बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन उतरलं, आणि रोज तीन किंवा जास्त तास बाळाचं करणाऱ्यांचं तर आणखी कमी आढळलं. घाबरायचं काही नाही, यात पुरुषत्व कमी होत नाही. शरीर नव्या कामाला लागतं.

आता आपल्याकडची अडचण. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, आणि तिचे फायदे मोठे आहेत. मुलीला आईच्या घरी आराम मिळतो, कुणाची भीडभाड राहत नाही. पण बाळाचा बाप दुसऱ्या गावी नोकरीवर. तो शनिवारी रात्री येतो, जावई म्हणून पाटावर बसतो, त्याच्यासमोर सरबत, चहा, शिरा येतो, बाळ पाच मिनिटं दाखवलं जातं, आणि बाळ रडलं की लगेच सासूबाई त्याच्या हातून घेतात. चार-पाच महिने असे गेले की बायको-मूल घरी येतात तेव्हा बाळ त्याच्यासाठी पाहुणं असतं, आणि तो बाळासाठी.

हे बदलता येतं. सासूबाईंना विनंती आहे, जावई आला की आधी बाळ त्याच्या हातात द्या, चहा नंतर. रडलं तरी थोडा वेळ राहू द्या; गप्प करायला त्याला शिकू द्या. शी-शू, आंघोळीनंतर अंग पुसून झबलं घालणं, झोपवणं, यातलं एक काम तो आला की पूर्ण त्याचं, कुणी मधे पडायचं नाही. जमत असेल तर माहेरचा मुक्काम थोडा आटोपता घ्या किंवा त्याने तिथेच राहून कामावर जावं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पितृत्वाची १५ दिवसांची रजा मिळते. ती बारशाच्या धावपळीत न घालवता बाळाजवळ घालवावी. खासगी नोकरीत असाल तर कंपनीचा नियम बाळंतपणाच्या आधीच विचारून ठेवा. खेळवण्यातून वडिलांचं ऑक्सिटोसिन वाढतं असंही फेल्डमन यांना आढळलंय, तेव्हा बाळ मान धरायला लागल्यावर त्यांनी जरा उचलून घेऊन खेळावं. मात्र बाळाला गदागदा हलवणं किंवा हवेत उडवून झेलणं कधीही नको. त्या वयात मेंदूला इजा होऊ शकते.

दत्तक घेणाऱ्या घरांनाही हेच लागू आहे, फक्त थोडं जास्त नेटाने. रुमानियाच्या बुखारेस्टमध्ये अनाथाश्रमातल्या १३६ लहान मुलांवर एक मोठा अभ्यास २००० नंतर सुरू झाला. त्यातली निम्मी मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांत दिली गेली. घर मिळालेल्यांची ओढ, भाषा, बुद्धी सुधारली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची सगळ्यात जास्त. तेव्हा मूल घरी आलं की पहिले काही आठवडे त्याला भरवणं, झोपवणं, आंघोळ घालणं फक्त तुम्ही दोघांनीच करा. शंभर माणसांचं बारसं आणि मांडीवरून मांडीवर फिरवणं नंतर होऊ द्या. कोण आपलं, हे त्या मुलाला आधी कळू दे. पहिल्या महिन्यात ते तुमच्याकडे पाठ फिरवून झोपलं तर मनाला लावून घेऊ नका.

नुसता थकवा म्हणू नका

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमाराला विनाकारण रडू येणं निम्म्याहून अधिक आयांना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही ते टिकलं, बाळ झोपलं तरी झोप येईना, जेवण नकोसं झालं, ‘माझ्याशिवाय बाळ बरं राहील’ असे विचार यायला लागले, तर तो प्रसूतीनंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना तो आढळला. पैशांची ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं यांचा त्याच्याशी संबंध होता, आणि बाळ मुलगा की मुलगी हाही एक घटक होता. म्हणजे ‘पुन्हा मुलगीच’ हे वाक्य आजारी पाडू शकतं. ते घरात उच्चारलं जाणार नाही, एवढं तरी नवऱ्याने बघावं.

या आजारात लळा लागायला खरंच अडचण येते, आणि त्यावर उपचार आहेत. समुपदेशन आहे, पाजत असताना घेता येतील अशी औषधं आहेत. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर दिवस-रात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आई स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याबद्दल बोलली, किंवा तिला कुणी नसताना आवाज ऐकू यायला लागले, तर तिला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

लांबच्या आजीसाठी

शेवटचा प्रश्न नाशिकच्या किंवा मडगावच्या आजीचा, जिची नात न्यू जर्सीत किंवा बंगळूरला वाढते आहे. स्पर्श नाही, मग नातं कशावर धरायचं? विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लेस्ली सेल्टझर यांचं काम इथे उपयोगी पडतं. त्यांनी ७ ते १२ वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावलं. सगळ्या जणी ताणाखाली आल्या. मग काहींना आई येऊन कुशीत घेऊन गेली, काहींना आईचा फक्त फोन आला. आवाज ऐकलेल्या मुलींचं ऑक्सिटोसिन कुशीत गेलेल्या मुलींइतकंच वाढलं आणि ताणाचं संप्रेरक उतरलं. पुढच्या प्रयोगात काही मुलींशी आईने फक्त टाइप करून संवाद साधला. त्यांच्यात यातलं काहीच घडलं नाही, शब्द धीराचे असूनही.

तेव्हा नातीची परीक्षा असेल, मैत्रिणीशी भांडण झालं असेल, मुलगी परदेशात बाळंतीण झाली असेल, तर व्हॉट्सॲपवर फुलांचं चित्र आणि जोडलेले हात पाठवून थांबू नका. फोन लावा. वेळेचा फरक बघून आठवड्याचा एक वार आणि एक वेळ ठरवून टाका, आणि सूनबाईंनीही ती वेळ क्लास किंवा खरेदीसाठी पुढे ढकलू नये. बोलायला विषय नसेल तर रोजचंच सांगा. आज कोणती भाजी केली, अंगणातल्या मांजरीला किती पिल्लं झाली. मूल लहान असेल तर फोन कानाशी धरून न ठेवता स्पीकरवर टाकून खेळता खेळता ऐकू द्या, आणि आजीने प्रश्नांची सरबत्ती न करता एखादं ठरलेलं गाणं किंवा गोष्ट प्रत्येक वेळी तीच म्हणावी. सुट्टीत भेट होईल तेव्हा मुलाला तो आवाज आधीच ओळखीचा असेल, आणि मांडीवर यायला ते कमी लाजेल.